डावीकडे बघणारी माणसं

४ जानेवारी

आजपासून पुन्हा लिहायला घेते आहे. रोज लिहीन असं म्हणत नाही. मागच्या वर्षी तसं म्हटलं होतं आणि ती वही शेवटी किराण्याच्या याद्यांना कामी आली.

मार्गदर्शक सर म्हणतात, प्रकल्प करणाऱ्याने आपल्या शंका कुठेतरी लिहून ठेवाव्यात, म्हणजे त्या अहवालात शिरत नाहीत. सरांना मी अजून पाहिलेलं नाही. त्यांचा कॅमेरा कायम छताकडे वळलेला असतो. गेलं वर्षभर मी एका पंख्याकडून व्यवस्थापन शिकते आहे. पण पंखा शिकवतो छान. दूरशिक्षण नसतं तर पदवीनंतर माझं शिक्षण तिथेच संपलं असतं, हे मी विसरत नाही.

विषय मिळाला आहे : ‘लहान व्यवसायांपुढची तंत्रज्ञानाची आव्हानं’. लहान व्यवसाय शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या स्वयंपाकघराचं दार उघडलं की समोर आई-बाबांचा टायपिंग क्लास. आई शिकवते, बाबा यंत्रं दुरुस्त करतात. म्हणजे करायचे. आता ते दुपारपर्यंत पार्सल ऑफिसात बसतात, कारण दुरुस्तीला यंत्रं येत नाहीत आणि शिकायला माणसं. वरच्या मजल्यावरच्या काकांची ही जागा आहे, त्यांना ती व्यायामशाळेला द्यायची आहे. काका वाईट नाहीत. ते बाबांना म्हणाले, “इथे माणसांचा राबता दिसला तर मी कशाला काढू तुम्हाला? पण ओस जागा ठेवून काय करू?” उन्हाळ्यापर्यंत त्यांनी मुदत दिली आहे.

माझ्याकडे तोडगा आहे. आमच्या विद्यापीठाला लहान गावांत परीक्षा केंद्रं हवी आहेत. टेबलं आहेत, खुर्च्या आहेत, वीज बरी आहे. संगणक आणले की झालं. माणसावर लक्ष ठेवायचं काम कॅमेरेच करतात.

जेवताना सगळं समजावून सांगितलं. बाबा म्हणाले, “पदवीधर बोलतात ते बरोबरच असणार.” आई म्हणाली, “आधी भात घे.” हा होकार आहे असं मी धरते.

९ जानेवारी

यंत्रं टेबलांवरून उतरवायला सुरुवात केली. वाटलं होतं सकाळीच आटपेल. पण आईकडे प्रत्येक यंत्रासाठी कारण तयार होतं. एकाचा पाय डुगडुगतो, ते खाली ठेवलं तर कलंडेल. दुसऱ्याची फीत नुकतीच घातली आहे, ती वाळेल. तिसऱ्यावर कोणीतरी माजी विद्यार्थिनी सरावाला येणार आहे, तिला शब्द दिलाय. कोण, ते आठवत नाही. आईची स्मरणशक्ती हल्ली थोडी कमी झाली असावी.

शेवटी बाबांनी एकेक उचलून भिंतीशी मांडलं. खिडकीजवळचं तेवढं जागेवर राहिलं. आई म्हणाली, “ते राहू दे. एक तरी हवंच.”

प्रकल्पासाठी मी तिला त्या यंत्राचा इतिहास विचारला. तिने सांगितलं ते असं : क्लास सुरू केला तेव्हा आई एकटीच होती. बाबा तेव्हा गावातल्या कचेऱ्यांची यंत्रं बघत हिंडायचे. खिडकीवालं पहिल्या वर्षी जवळजवळ दर आठवड्याला बिघडायचं. कधी कळ अडकायची, कधी रोलर. बाबा येऊन उघडायचे आणि आत काहीतरी सापडायचं : टाचणी, खडूचा तुकडा, केसातली पिन. बाबा म्हणायचे, “कुठे दुखतंय आज तुमच्या यंत्राला, बाई?”

लग्नानंतर मात्र ते एकदाही बिघडलं नाही.

मी लिहून घेतलं : घरात कुशल कारागीर असला की यंत्राची देखभाल वेळच्या वेळी होते आणि बिघाड टळतात. अहवालात चांगलं उदाहरण होईल. बाबांना वाचून दाखवलं तर ते खोकत बाहेर गेले.

२७ जानेवारी

संगणक आले. एक इंटरनेट कॅफे बंद झाला, त्याचे. कॅफेवाला स्वतः तारा जोडून गेला. जाताना एका पडद्यावरून हात फिरवत म्हणाला, “एके काळी माझ्याकडे रांग लागायची, ताई.” त्याचा चहा तसाच राहिला.

आता वर्ग नीटनेटका दिसतो. प्रत्येक टेबलाच्या मधोमध पडदा, त्याच्या कपाळावर छोटा कॅमेरा. फळ्याच्या वर माझा पदवीच्या झग्यातला फोटो आहे, तो बाबांनी काढू दिला नाही. “विद्यार्थ्यांना कळायला नको, केंद्र कोणाच्या डोक्यातून निघालं?” मला लाज वाटते. झगा भाड्याचा होता आणि टोपी कानांवर आली आहे.

दुपारी एकटीच बसले होते. इतकं शांत की कसंतरी झालं. लहानपणी मी या टेबलांखाली झोपायचे. वर सगळा वर्ग एका तालात टायपिंग करायचा आणि ओळ संपत आली की घंटा वाजायची, टिंग, आणि मग रोलर मागे सरकवल्याचा खर्रर. एकाची घंटा, मग दुसऱ्याची, कधी दोघांची एकदम. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरात घंटा वाजतात. शाळेतल्या मैत्रिणीकडे राहायला गेले तेव्हा झोप येईना, आणि तिच्या आईला वाटलं मला घरची आठवण येतेय. आठवणच येत होती, पण घंटांची.

आईने मला शिकवलं तेव्हा मी आठवीत होते. हातांवर कापड टाकायची. कळा दिसताच कामा नयेत. डावीकडे लाकडी घडवंची असायची, म्हणजे कागद तिरका उभा ठेवायची चौकट. नजर तिच्यावर. मान जरा वळली की आईची पेन्सिल टेबलावर टक् करायची. “बोटांना त्यांचं काम येतं. तू त्यांच्याकडे बघू नकोस, त्यांना राग येतो.” मला ते खरंच वाटायचं.

आता घडवंच्या माळ्यावर आहेत.

१८ फेब्रुवारी

विद्यापीठाचं पत्र आलं. केंद्र चाचणीवर आहे. आठ मार्चच्या पेपरला इथूनच चार उमेदवार बसतील. सगळं सुरळीत झालं तर कायमची मान्यता. पत्र घेऊन वर काकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, “चांगलं झालं गं. मान्यतेचा कागद आण, मी व्यायामशाळेवाल्याला नाही म्हणतो.”

उमेदवारांत मी आहेच. मग सुसाट, म्हणजे न्यायालयातल्या टंकलेखिका ताई. आई विद्यार्थ्यांना नावाने हाक मारत नाही, त्यांच्या हाताने मारते. सुसाट हे त्यांचं तेव्हापासूनचं नाव. तिसरा ठोक्या. तो आता रुग्णालयात कारकून आहे, दोन मुलांचा बाप आहे, पण कळ अशी मारायचा की कागदाला भोकं पडायची. बढतीसाठी त्याला पदवी हवी आहे. चौथ्या नर्सताई, त्या नव्या, आमच्याकडे शिकलेल्या नाहीत.

८ मार्च

झाला पेपर. मला चांगला गेला. तंत्रज्ञानाने सामान्य माणसाच्या दारात विद्यापीठ आणून ठेवलं, हे वाक्य पेपरातही लिहिलं आणि लिहिताना डोळे भरून आले. वीज गेली नाही. ठोक्याने एक कळ उखडली, पण ती पेपर संपल्यावर.

आई आतल्या दारात उभी होती. नियमाने वर्गात येता येत नव्हतं. तिचे ओठ हलत होते. बहुधा ताल धरला होता.

१५ मार्च

चौघांपैकी तिघांचे निकाल राखून ठेवले आहेत. नर्सताईंचा तेवढा लागला.

कारण : ‘उमेदवाराची नजर वारंवार पडद्याबाहेर, एकाच दिशेला. त्या दिशेला अनधिकृत साहित्य असल्याचा संशय.’ सोबत प्रत्येकाच्या फोटोंची पट्टी. मी, सुसाट, ठोक्या, तिघंही टाइप करतो आहोत आणि तिघांचेही डोळे खाली डावीकडे. एका घरातली भावंडं दिसावीत तसे.

मी काहीही बघत नव्हते. शपथेवर सांगते. तिथे काही नव्हतंच.

ठोक्याला फोन केला. तो म्हणाला, “बाईंना सांगू नकोस. बाईंच्या वर्गात कॉपी झाली असं कोणी म्हटलं तर त्या जेवायच्या नाहीत.” पण आई माझ्या मागेच उभी होती. तिने फोटो पाहिले. एकेका फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “मान बघ तिघांची. एवढीसुद्धा हललेली नाही. फक्त डोळे.”

तिच्या आवाजात अभिमान होता. मग काय घडलंय ते तिच्या लक्षात आलं, आणि तिने फोटोवरचं बोट काढून घेतलं.

“माझ्यामुळे झालं हे,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “आई, काहीतरीच काय? यंत्राची चूक आहे.” पण तिचं बरोबर होतं. आम्ही तिघं आजही बोटं चालू झाली की घडवंचीकडे बघतो. ती तिथे नाही हे डोळ्यांना कोणी सांगितलेलंच नाही.

२२ मार्च

सुनावणी झाली, पडद्यावरच. चौकशी अधिकारी एक वयस्क बाई होत्या. आवाज कोरडा, पण माणूस नीट ऐकून घेणारं. मी चार पानी खुलासा लिहिला होता, तो वाचायला लागले. तिसऱ्या परिच्छेदाला त्यांनी थांबवलं.

“बाळ, भाषण नको. दोन ओळी टाइप कर, मी बघते.”

मी केल्या.

“डावीकडे काय आहे?”

“काही नाही. टेबल आहे, मॅडम.”

“दाखव.”

कॅमेरा फिरवून दाखवलं. रिकामं टेबल. त्यांनी सुस्कारा टाकला आणि समोरच्या कळफलकावर काहीतरी नोंदवायला लागल्या. त्यांची बोटं भराभर चालली होती.

माझ्या मागून आई एकदम म्हणाली, “बाई, तुम्ही कुठल्या क्लासला होतात?”

मी आईचा हात दाबला.

“काय म्हणालात?”

“टायपिंग कुठे शिकलात? आत्ता लिहिताना तुम्हीही डावीकडेच बघत होतात.”

त्या थांबल्या. मग आपल्या डावीकडे वळून बघितलं. तिथे त्यांची पर्स होती. त्या हसल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मला माणसासारखा दिसला.

“पिठाच्या गिरणीवर एक खोली होती,” त्या म्हणाल्या. “आमचे कागदसुद्धा पांढरे व्हायचे. बाई पट्टी घेऊन मागे उभ्या.”

“मी पेन्सिल वाजवते,” आई म्हणाली. “पट्टी नाही.”

“नशीबवान तुमची मुलं.”

मग त्या दोघी माझ्याकडे दुर्लक्ष करून बोलत बसल्या. फीत उलटी कशी फिरवायची, कार्बनचा कागद किती वेळा वापरायचा. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. पण शेवटी त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “मला पटलं हो. पण मला पटून काय उपयोग? नजर मोजतं ते यंत्र. उद्या माझ्या जागी दुसरं कोणी बसलं तर? मी एवढंच करू शकते. तिघांनी सत्तावीस एप्रिलला पुन्हा पेपर द्या, याच केंद्रात. संशयाच्या खुणा आल्या नाहीत तर निकालही देऊ आणि मान्यताही. आल्या तर दोन्ही विसरा.”

पडदा काळा झाल्यावर आई म्हणाली, “छान बाई आहेत.” मी म्हटलं, “त्यांनी आपल्याला फाशीची तारीख दिली आहे.”

३० मार्च

सवय मोडायची. विद्यापीठाने सराव चाचणी दिली आहे; नजर पडद्याबाहेर गेली की शेवटी अहवालात लाल ठिपका येतो. सुसाट आणि ठोक्या संध्याकाळी येतात. मी शास्त्रीय पद्धतीने आखणी केली : आधी हळू टायपिंग, मग वेग. तरी अहवालाला लाल ठिपक्यांचा गोवर येतोच.

हळू टाइप केलं तर आम्हाला जमतं, पण मग उत्तरं पूर्ण होत नाहीत. वेग घेतला की विचार उत्तरात गुंततो आणि डोळे घरी जातात.

शिकवायला आईच उभी राहते. “वर बघ,” असं म्हणते. आयुष्यभर जिने ‘कागदावरून नजर हलवू नकोस’ सांगितलं ती. दर वेळी म्हणताना जरा अडखळते. आज सुसाट वैतागून म्हणाल्या, “बाई, तुम्ही इतकं चांगलं शिकवायला नको होतं.” सगळे हसले, आईसुद्धा. नंतर ती स्वयंपाकघरात बराच वेळ भांडी घासत होती. भांडी सकाळीच घासून झालेली होती.

६ एप्रिल

बाबांनी पुठ्ठ्याची झापडं करून आणली, टांग्याच्या घोड्याला असतात तशी. कानाला अडकवायची. आम्ही तिघं ती लावून बसलो. ठोक्या म्हणाला, “आता चाबूक कोण मारणार?” चाचणीने अहवाल दिला : ‘चेहरा ओळखता येत नाही. उमेदवार बदलल्याचा संशय.’

बाबांनी झापडं काढून घेतली, पुठ्ठा नीट घडी करून ठेवला. “माझं काम लोखंडाचं,” म्हणाले. “हे डोळ्यांचं मला जमत नाही.”

संगणक आल्यापासून बाबा वर्गात फारसे येत नाहीत. हत्यारांची पेटी पलंगाखाली गेली आहे. मी म्हटलं, संगणक उघडायला शिका ना, मी शिकवते. ते म्हणाले, “त्यात तेल घालायला जागा कुठे आहे?” विनोद होता, पण हसताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पार्सल ऑफिसात त्यांना खुर्ची मिळते, सावली असते. माझ्या मते हा त्यांच्यासाठी चांगला बदल आहे. तसं मी अहवालात लिहिलंही होतं. आज ते वाक्य खोडलं. का, ते नक्की सांगता येत नाही.

१३ एप्रिल

भिंतीशी मांडलेल्या यंत्रांना मी गिऱ्हाईक शोधलं होतं. जुन्या वस्तूंनी खानावळी सजवून देणारा एक माणूस. मला वाटलं होतं, यंत्रांनाही मान मिळेल, लोक बघतील, विचारतील.

काल बाबांनी पेटी काढली. “द्यायची तर चालू द्यायची,” म्हणाले. सगळी यंत्रं पुन्हा टेबलांवर चढवली. मधोमध, जुन्या जागी. त्याशिवाय त्यांना हात चालवता येत नाही म्हणे. पडदे एका बाजूला सारले. दिवसभर तेल, फडकं, बारीक ब्रश. आई फिती घालत होती. दोघं फारसं बोलत नव्हती, तरी घरात गर्दी असल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी दोघांनी एकेक यंत्र वाजवून पाहिलं आणि मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटायची थांबले. घंटा वाजत होत्या.

आज तो माणूस आला. बाबांनी पहिल्या यंत्रावर कागद चढवून एक ओळ मारून दाखवली. अक्षरं मोत्यासारखी.

“वा, वा,” तो म्हणाला. “पण काका, एवढी मेहनत कशाला घेतलीत? चालू नसली तरी चालतील मला.”

“म्हणजे?”

“फळीवर ठेवायचीत ना. कळा तर आम्ही गोंदाने चिकटवतोच. लहान मुलं येतात, खडखडाट करतात, बाकीच्यांना त्रास.”

बाबांनी कागद काढला. फडक्याने हात पुसले, एकेक बोट पुसलं. म्हणाले, “मग नुसते खोके घेऊन जा. रिकामे खोके भरपूर आहेत माझ्याकडे.”

तो आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं.

तो गेल्यावर मी चिडले. म्हटलं, बाबा, भावनेवर धंदा चालत नाही, दोन आठवड्यांवर पेपर आलाय, ही धुडं टेबलांवर ठेवून आम्ही सराव कुठे करायचा? ते म्हणाले, “उद्या उतरवतो गं. आज पाठ भरून आलीय.” आईने मला नजरेनेच गप्प केलं.

मला समजायला हवं होतं असं काहीतरी आज घडलं, असं राहून राहून वाटतं आहे.

१४ एप्रिल

शाई सांडली तरी चालेल, घाईने लिहिते आहे.

बाबा सकाळीच कामावर गेले, दुपारी परतल्यावर पाठ धरून पडून राहिले, यंत्रं टेबलांवरच राहिली. संध्याकाळी ठोक्या आला. यंत्र हलवायला मी एकटी, तो म्हणाला, “राहू दे, मी बसतो असाच.” कळफलक यंत्रापुढे ओढला. पडदा यंत्राच्या डाव्या बाजूला सारलेलाच होता. त्याने आपलं ठोकायला सुरुवात केली, यंत्रासमोर बसून, पूर्वी बसायचा तसा, खांदे सैल. आई त्याला ‘वर बघ’ म्हणायला तोंड उघडणार, इतक्यात थांबली.

उत्तर पूर्ण झालं. अहवाल आला. एकही लाल ठिपका नाही.

आम्हाला वाटलं कॅमेरा बंद पडला. पुन्हा केलं. नाही. मग मी बसले. नाही.

डोळे जिथे जात होते तिथेच गेले होते. डावीकडे, खाली, घडवंचीच्या जागी. फक्त या वेळी तिथे पडदा होता, आणि पडद्यावरचा कॅमेरा आमच्या डोळ्यांत बघत होता.

आम्ही इतके आठवडे डोळ्यांना ओढून पडद्याकडे आणत होतो. पडदा डोळ्यांकडे न्यावा हे एकालाही सुचलं नाही, पदवी असलेल्यांना नाही आणि नसलेल्यांनाही नाही. बाबांची पाठ भरून आली नसती तर सुचलंही नसतं.

आईने माळ्यावरून घडवंची काढायला लावली. पडदा तिच्यावर बसतो. जरा तिरका, पण बसतो.

ठोक्या म्हणाला, “बाई, आता वर बघायचं की नाही?”

आईने पेन्सिल घेतली आणि टेबलावर टक् केलं. “बोटांकडे बघायचं नाही. बाकी कुठे बघायचं ते तुमचं तुम्हाला येतं.”

२७ एप्रिल

पेपर झाला. तिघं, तीन यंत्रांच्या पुढ्यात. माझ्या बोटांच्या टोकांना यंत्राचं गार लोखंड लागत होतं. एकदा उत्तराच्या ओळीच्या शेवटी हात आपोआप वर उचलला गेला, रोलर सरकवायला. तो कॅमेऱ्याला दिसला असणार. हात वर करणं गुन्हा आहे का, हे नियमांत शोधते आहे.

९ मे

मान्यता आली.

निकालही आले, तिघांचेही. सुसाट ताईंना सर्वांत जास्त गुण. ठोक्या आईच्या पाया पडला आणि उठताना त्याचं डोकं टेबलावर आपटलं. आई म्हणाली, “अजून ठोकतोसच.” काकांनी वरून हाक मारून विचारलं, “आला का कागद?” मग खाली येऊन तो चष्मा लावून दोनदा वाचला, फळ्याखालच्या खुर्चीवर बसून चहा घेतला. जाताना म्हणाले, “व्यायामशाळा नाही ते बरंच झालं. माझ्या डोक्यावर वजनं आपटली असती.” काका वर राहतात आणि वर्ग खाली आहे, हे कोणी त्यांना सांगितलं नाही.

चौकशी अधिकारी बाईंनी आईला वेगळा निरोप पाठवला आहे. सुट्टीत येईन, खिडकीजवळ एखादं यंत्र असेल तर एक पान मारून जाईन, असा. आईने तो तीनदा वाचायला लावला.

अहवाल पूर्ण केला. शेवटचा निष्कर्ष बरेच दिवस अडला होता, तो असा लिहिला : ‘नवी साधनं आणताना जुनी सवय काढूनच टाकावी लागते असं नाही, ती कुठे बघते आहे, हे आधी विचारावं.’ मार्गदर्शक सरांना वाक्य आवडलं. आज चुकून त्यांचा कॅमेरा खाली झुकला होता. सर माझ्या कल्पनेपेक्षा खूप तरुण आहेत, आणि त्यांच्या मागे दोरीवर लहान बाळाचे कपडे वाळत होते.

आणखी एक नोंद. किरकोळ आहे, पण लिहून ठेवते.

दुपारी खिडकीवालं यंत्र बिघडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही गेल्याच महिन्यात बाबांनी तेल घातलेलं असताना. बाबा पार्सल ऑफिसातून येऊन चपला काढत होते, तेव्हा आई म्हणाली, “अहो, खिडकीवालं जरा बघता का? कळ अडकतेय.”

“कोण बसलं होतं त्याच्यावर?”

“कोणी नाही.”

बाबा क्षणभर तसेच उभे राहिले, एक चप्पल पायात, एक हातात. मग पलंगाखालून पेटी काढली, खुर्ची ओढली, बाह्या सरसावल्या. “कुठे दुखतंय आज तुमच्या यंत्राला, बाई?” त्यांनी विचारलं. किती वर्षांनी त्यांच्या तोंडून ‘बाई’ ऐकलं मी.

आत एक केसातली पिन सापडली. बाबांनी ती चिमटीत धरून उजेडात पाहिली आणि खिशात टाकली. मग यंत्र नीट होतं की नाही हे बघायला दोघं बराच वेळ तिथेच बसली. मी आत चहा ठेवला, पण हाक मारली नाही. घंटा वाजत होती. चहा उकळून उकळून कडू झाला.

खिडकीतून वाऱ्याने काय काय उडून येत असतं. त्या यंत्राला एक चांगलं जाड झाकण शिवून घ्यायला हवं. रात्रीच्या जेवणाच्या वेळी आईला तसं म्हटलं.

“नको गं,” ती म्हणाली. “राहू दे उघडंच.”